इरावती खाली बसली तेव्हा

पारनेर
१४ सप्टेंबर, रविवार

सुकन्या,

काल संध्याकाळी इरावती वकील एक वाक्य बोलून खाली बसली, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. काय बदललं ते विचारू नकोस, मला अजून नीट सांगता येत नाही. पण काल आठच्या आधीचा कानिफ आणि आज तुला लिहायला बसलेला कानिफ एक नाहीत, एवढं लिहून देतो.

तू म्हणाली होतीस, फोन करू नकोस, फोनवर तू नुसता ओरडतोस, सांगायचंच असलं तर लिही. म्हणून लिहितोय. पुण्याचा पत्ता कॉलेजातल्या पार्थकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याच्या खोलीतून हललोच नाही तर तो तरी काय करणार.

तू 'समोरची बाजू' बघतेस का अजून? का खरी वकिली सुरू झाल्यापासून सोडलीस? नगरला लॉ कॉलेजच्या मेसमध्ये टीव्हीवर बघायचो तेव्हा तू शेंगदाणे सोलत म्हणायचीस, "असा प्रश्न खऱ्या कोर्टात विचारला ना, तर बाईला बाहेर काढतील." मला राग यायचा. आता मी एकटाच बघतो आणि इरावती काही चुकीचं बोलली की शेजारी तुझ्याकडं बघायला जातो. शेजारी गल्लीतली लंकामावशी असते. ती म्हणते, "काय बघतो रं माझ्याकडं? तिकडं बघ."

काल शेवटचा भाग होता. नर्स जानकीची केस. चुकीचं इंजेक्शन दिलं म्हणून तिला आत टाकायला निघालेत, आणि इंजेक्शन खरं कुणी बदललं ते अख्ख्या महाराष्ट्राला माहीत, फक्त जज्जला नाही. गेल्या आठवड्यात जानकी पिंजऱ्यात पहिल्यांदा बोलली. साधंच बोलली. कोणत्या खाटेपाशी उभी होते, कुणी हाक मारली, हात कसा थरथरला. मग समोरच्या वकिलानं दोन भाग खाल्ले. काय बोलला माणूस! आमची आई म्हणाली, "याचं खरं वाटायला लागलंय गं मला." सगळे म्हणत होते, थांबा, इरावतीला उठू द्या. चार वर्षं आपण तिच्या शेवटच्या भाषणांवर जगलोय, हे तर शेवटातलं शेवटचं.

ती उठली. गाऊन सारखा केला. पाणी प्याली. कागदांवर हात ठेवला, आणि एकदा जानकीकडं बघितलं. आणि ती म्हणाली, "माझ्या अशिलानं सांगितलंय, न्यायालयानं ऐकलंय, मी भर घातली तर ते कमी होईल."

आणि खाली बसली.

बस. एरवी कुणी चहाचा कप उचलला तरी तीन वेळा ढॅण ढॅण वाजवणारी मालिका, आणि काल काहीच वाजलं नाही. नुसता कोर्टातला पंखा. किती वेळ तो पंखाच ऐकत बसलो आम्ही. जज्जनं पेनाचं टोपण काढलं, आणि पडदा काळा.

लंकामावशी ओरडली, "रामहऱ्यानं तार वढली!"

रामहरी म्हणजे आमचा केबलवाला. पुढचं तुला पटणार नाही, पण अख्खी गल्ली त्याच्या दारात गेली. सगळ्यात पुढं मी. तो जेवत होता. मावशी म्हणाली, "रामहऱ्या, निकाल दे."

"कसला निकाल?"

"आमचा! जानकीचा! ऐन टायमाला कनेक्शन काढलंस व्हय रं मुडद्या?"

"ओ मावशी, संपली मालिका. नावं आली ना खाली?"

"निकाल न लागता कुठं संपतं व्हय?"

"मग खऱ्या कोर्टात जाऊन बघा, तिथं तरी लागतो का."

लोक हसले आणि माझं डोकं सणकलं. मी त्याच्या केबलच्या डब्याचं झाकण उघडून वायरी बघायला लागलो. तो हात धुऊन आला, शांतपणे झाकण लावलं आणि म्हणाला, "वकीलसाहेब, अर्धवट सोडल्याचा राग बाकी कुणीबी करावा. तुमी नका करू."

मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. आईनं दंडाला धरून घरी आणलं.

ताई आमच्याबरोबर आलीच नव्हती. घरी आलो तर ती त्याच पडद्यासमोर बसलेली. जाहिराती सुरू झाल्या होत्या. मी म्हणालो, "फसवलं ना आपल्याला?" ती म्हणाली, "न्हाई. बरं केलं तिनं."

राजेश्वरीताई गेल्या दिवाळीपासून इथंच आहे, हे तुला माहीत आहे ना? पार्थनं सांगितलं असेल. पुढच्या महिन्यात तिची साक्ष आहे.

मला ते संपणं आवडलेलं नाही. निकाल दाखवायलाच हवा होता, ही शुद्ध फसवणूक आहे. पण डोळे मिटले की ती खाली बसताना दिसते आणि अंगावर काटा येतो. दोन्ही एकदम कसं होतं, तू सांग.

कानिफ


पारनेर
१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुकन्या,

तुझं उत्तर नाही. चालेल.

तो भाग मी मोबाईलवर पुन्हा बघितला. पुन्हा म्हणजे किती ते विचारू नकोस. दुकानात झेरॉक्सचं मशीन गरम होईपर्यंत बघतो, वडील टँकर घेऊन संगमनेरला निघाले की त्यांच्या खाटेवर पडून बघतो. आता मला माहीत आहे की ती बसायच्या आधी ओठ उघडते. भाषण तोंडात आलेलं असतं तिच्या. ते ती गिळते, सुकन्या! घसा हललेला दिसतो. एवढं मोठं भाषण माणूस गिळू कसं शकतो? मला एक शिवी गिळता येत नाही.

म्हणून मी ते भाषण स्वतः लिहून काढलं. चांगली चार पानं. रात्रंदिवस राबणाऱ्या हातांवर, पांढऱ्या कोटातल्या मोठ्या माणसांवर, आंधळ्या न्यायावर. बुधवारी घरात उभं राहून वाचून दाखवलं. लंकामावशीनं पदर डोळ्याला लावला, म्हणाली, "आसं पायजेल हुतं. ह्याला घ्या म्हनावं मालिकेत." आई पण म्हणाली, छान आहे. ताई भाकरीचं पीठ मळत होती. म्हणाली, "झकास हाय. पण जानकी कुठंय त्यात?"

मी चारही पानं चाळली. जानकीचं नाव एकदासुद्धा नव्हतं.

असो. आता मुद्द्यावर येतो. तू वकील आहेस, मला तुझं मत हवंय.

ताईवर दाजींनी दावा लावलाय, बायकोनं नांदायला यावं म्हणून. आदिनाथदाजी, सोनईला कापडाचं दुकान, तू लग्नात बघितलंयस त्यांना, जिलेबी वाढत होते ते. ताई एक बॅग घेऊन एसटीनं आली, म्हणाली, मी परत जाणार नाही. का, ते सांगितलं नाही. आईला नाही, मला नाही. आम्ही काय समजायचं? बाई घर सोडून येते ती कशासाठी येते?

आमच्या वकील पंकजा मॅडम. त्यांनी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या उत्तरात, एवढंच घातलं होतं की पुरेसं कारण आहे, ते साक्षीत सांगू. टाइप मी केली. मी तहसीलसमोर झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला आहे, हे पण पार्थनं सांगितलंच असेल. आमच्या कॉम्प्युटरवर सगळे मजकूर तयार असतात. भाडेकरार, नावात बदल, वारस. तसा नांदण्याच्या केसचा पण एक परिच्छेद तयार आहे. लग्नानंतर सुरुवातीचे काही दिवस चांगले नांदवून त्यानंतर क्षुल्लक कारणावरून मारहाण, शिवीगाळ व उपाशीपोटी ठेवून. तालुक्यातल्या सगळ्या बायकांना त्याच शब्दांत मार बसतो. मी तो ताईच्या कैफियतीत घातला. मला वाटलं, मॅडमनी ते फारच मिळमिळीत लिहिलंय. मुदतीचा शेवटचा दिवस होता, मॅडम दुसऱ्या केसमध्ये उभ्या होत्या, ताईनं मी दाखवलं तिथं सह्या केल्या.

आणि काल मॅडमकडं गेलो. साक्षीची तयारी. मॅडम ताईला म्हणाल्या, "हं, मारहाणीच्या तारखा सांग. साधारण कधी, कशावरून."

ताई म्हणाली, "कसली मारहाण?"

मॅडमनी पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. तिनं वाचलं. मी पंख्याकडं बघत होतो. तिनं शेवटपर्यंत वाचलं, बोट ठेवून, आणि म्हणाली, "त्यांनी माझ्यावर हात कधीच उचलला न्हाई, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. "मग हे आलं कुठून? मला वाटलं, तूच ऐनवेळी भावाला सांगितलंस. तुझ्या नवऱ्याला याच्यावरून मी उलटतपासात फाडून खाल्लंय, राजेश्वरी. कोर्टात."

ताईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "सही माझीच हाय ना? मीच वाचायला पाहिजे होतं."

बाहेर आल्यावर मी तिला समजावलं. आता फिरलीस तर तुझ्या कशावरच कुणी विश्वास ठेवणार नाही. एकदा शपथेवर हो म्हण, संपलं. दाजी काय तुझ्यासाठी रडत बसणारायत? ती बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली ती उतरेपर्यंत.

तर तू सांग. ठाम राहावं ना तिनं? हे खोटं आहे हे मलाही कळतं, पण जिंकायचं असतं ना शेवटी? आणि एक. तुझ्या मूट कोर्टच्या स्पर्धेच्या दिवशी त्या जज्जनं तुला टोमणा मारला तेव्हा मी प्रेक्षकांतून उठून उत्तर दिलं, ते बरोबरच होतं. त्यावर मी ठाम आहे. कॉलेजनं माफीपत्र मागितलं, मी ओळखपत्र फाडून दिलं, त्याचंही मला काही वाटत नाही. तुझ्या बाजूनं बोलल्याची माफी मी मागणार नाही.

उत्तर दे.

कानिफ


पारनेर
२७ सप्टेंबर, शनिवार

सुकन्या,

तुझं उत्तर आलं. पाकीट जाड होतं म्हणून मी ते दुकानात फोडलं नाही, खिशात घालून दिवसभर फिरलो. घरी येऊन हात धुतले, मग फोडलं. आत एकच जाडसर कागद चौघडी घालून, आणि त्यावर एक ओळ.

"ताईला विचारलंस का?"

खाली नाव पण नाही. मी कागद उलटा केला, दिव्यासमोर धरला. तुझा 'त' अजून तसाच आहे, शेपटीला गिरकी मारलेला. त्या 'त'कडं मी किती वेळ बघत बसलो ते सांगितलं तर तू हसशील. मग राग आला. एवढं सगळं लिहिलं मी आणि हिचा एक प्रश्न! मग आठवलं, इरावतीनं पण एकच वाक्य टाकलं होतं. तुम्ही बायकांनी ठरवलंय काय असं?

तू विचारलंस तो प्रश्न मला सुचलाच नव्हता, हे मात्र खरं.

पण ताईला विचारायच्या आधी मंगळवारी एक झालं. दुकानात मान खाली घालून टाइप करत होतो. कुणीतरी म्हणालं, "कानिफराव, याच्या दोन प्रती काढा." वर बघितलं तर दाजी. काऊंटरच्या पलीकडं उभे, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तारखेला आलेले. आमच्या दोघांच्या मध्ये फक्त ते मशीन.

किती दिवस मनात धरून होतो मी, सोनईला जाऊन दुकानातून ओढून काढायचं म्हणून. माझ्या तोंडातून निघालं, "बसा दाजी." सवयीचं काय करणार.

ते बसले. म्हणाले, "खरं सांगा, मी हात लावला व्हय कधी तिला?"

मी मशीनचं झाकण उघडून पहिला कागद ठेवला.

"तुमी लिवलं कोर्टात. सोनईत पसरायला काय लागतं? लुगडं घ्यायला येनाऱ्या बाया आता पल्याडच्या दुकानात जात्यात. एक म्हातारी तर तोंडावर बोलून गेली." त्यांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नाही. "मी काय कमी केलं, कानिफराव? भाजी आनायलासुदिक जाऊ दिलं न्हाई तिला. तिला काय आवडतं, काय न्हाई, सगळं मला तोंडपाठ. कुनी तिला काय इचारलं तर तिच्याआधी मीच सांगायचो. डॉक्टरकडं गेलो तर कुठं दुखतंय ते बी मीच सांगायचो. म्हनलं, तिला कशाला तरास?"

मी उठलो होतो, सुकन्या. शपथ. पण हात वर झाला नाही. मशीनचा उजेड त्यांच्या तोंडावरून सरकत होता आणि मी नुसता बघत उभा. त्यांनी प्रती घेतल्या, कोपरे जुळवले, पिशवीत घातल्या आणि म्हणाले, "तिला म्हनावं, पित्ताची गोळी सकाळची घे. ती इसरते."

ते गेल्यावर दुकानमालक म्हणाला, "कोण रे? भला माणूस दिसतो." मी म्हणालो, "व्हय."

काल वाटाण्याच्या तोडणीला माणूस कमी पडलं म्हणून मी मळ्यात गेलो. ताई एका सरीला, मी दुसऱ्या. तुझा कागद खिशात. बराच वेळ शेंगा तोडल्या. शेवटी म्हणालो, "ताई, तू का आलीस?"

ती हात न थांबवता म्हणाली, "इचारतोयस का उलटतपास घेतोयस?"

"इचारतोय."

"कुनी सांगितलं इचारायला?"

ती असं काही ओळखते की चोरी लपत नाही. मी सांगितलं, सुकन्यानं. ती हसली. म्हणाली, "पोरगी शहाणी हाय. तुला कशी काय सापडली हुती?" मी म्हणालो, विषय बदलू नको.

तेव्हा ती कंबर सरळ करून उभी राहिली. "मला मारलं न्हाई त्यांनी. मारलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं."

"मग काय केलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता सांगणार. तिचे ओठ हलले पण. मग म्हणाली, "तुला न्हाई सांगणार."

"का?"

"तुला सांगितलं तर तू सांगशील. आईला, मॅडमला, रामहऱ्याला. माझ्याआधी. आन् माझ्यापेक्षा भारी सांगशील. मग मी उभी राहिले की लोकं म्हनतील, हे आमाला म्हाईतंय."

मी क्रेटला लाथ घातली. सगळा वाटाणा सरीत. लहानपणापासून माझं हे असंच. मी ओरडलो, मी तुझ्यासाठीच करतो सगळं, रात्री झोप लागत नाही मला, आणि तू परक्या जज्जला सांगणार, तो कागद टाइप करणाऱ्याला सांगणार, आणि मला नाही?

"व्हय," ती म्हणाली. "ते लिहून घेत्यात. मधी बोलत न्हाईत."

मी वाटाणा गोळा करायला बसलो. दुसरं काय करणार. ती पण खाली बसली. चिखलातली शेंग पुसत म्हणाली, "कान्या, मी ती मालिका तुझ्या इरावतीसाठी न्हाई बघायचे. पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या बायांसाठी बघायचे. त्यांना शेवटी काय म्हणायचंय ते मला ऐकायचं असायचं. दर वेळी त्या तोंड उघडायच्या आन् इरावती उठायची. एकदा ती बसली, तर तुमी सगळे रामहऱ्याच्या दारात."

मी क्रेट उचलून बांधावर नेऊन ठेवला.

मारहाणीचा परिच्छेद ती काढायला सांगणार आहे. मॅडमनी अर्ज तयार केलाय. केस हरू शकते, मॅडम स्पष्ट म्हणाल्या. एकदा खोटं लिहून दिलेल्या बाईचं खरं ऐकायला कोर्ट कंटाळतं, म्हणाल्या. आणि हरली तर तिला सोनईला जा असा हुकूम होईल. पोलीस घालून नेत नाहीत, ते मला माहीत आहे, पण तिला ते माहीत असूनसुद्धा तिचे ओठ पांढरे पडले होते. तो अर्ज मीच टाइप केला. यावेळी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.

मूट कोर्टबद्दल आज काही लिहीत नाही.

कानिफ


पारनेर
९ ऑक्टोबर, गुरुवार

सुकन्या,

आज साक्ष झाली.

सकाळी लंकामावशी ओवाळायला आली. ताटात कुंकू आणि तोंडात सूचना. "मिलॉर्ड म्हनायचं. पदर हितं धरायचा. आन् रडू आलं तर दाबायचं न्हाई, जज्ज बी मानूसच हाय."

ताई म्हणाली, "साहेब म्हणत्यात तिथं, मावशी."

"मालिकेत तर मिलॉर्ड म्हनत्यात."

"मालिकेत निकाल बी लागत न्हाई," आई म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. त्यानंतर दिवसभरात कुणी हसलं नाही.

तुला काय सांगायचं कोर्ट कसं असतं. पण मी तिथं रोज कागद घेऊन जातो आणि आज पहिल्यांदा बघितलं. कपाटांवर धुवायच्या कपड्यांची असावीत तशी कागदांची गाठोडी. भिंतीपाशी माणसं बसून पेंगतायत. एक वकील दुसऱ्याला वांग्याचा भाव विचारतोय. आणि मध्ये तो पिंजरा, लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. असल्या जागेत माणूस खरं बोलत असेल असं वाटत नाही. ताईचं नाव पुकारलं आणि ती जाऊन तिथं उभी राहिली. हिरवी साडी, माझीच बहीण, सकाळी माझ्या डब्यात मेथी घालणारी. तिनं शपथ घेतली आणि मला एकदम तिची भीती वाटली. देवळात गाभाऱ्यापाशी वाटते तशी. मी मागच्या बाकावर सरळ होऊन बसलो.

समोरचा वकील वयस्कर आहे, गोड बोलणारा. त्यानं चष्म्यावरून बघत पहिलाच प्रश्न टाकला. "बाई, तुम्ही कैफियतीत मारहाणीचं लिहिलंय. ते खरं की खोटं?"

"खोटं हाय, साहेब."

कोर्टात चुळबूळ झाली. दाजींनी मान वर केली. पंकजा मॅडम हलल्या नाहीत. मी बाकाची कड धरली.

"म्हणजे तुम्ही कोर्टाला खोटं लिहून दिलंत?"

"व्हय. सही माझी हाय. न वाचता केली. ते काढायचा अर्ज दिलाय."

"मग खोटं सुचवलं कुणी?"

सुकन्या, माझ्या घशाशी आलं. मी म्हणणार होतो. उठून उभा राहणार होतो, साहेब, मी, मी टाइप केलं, तिला काही बोलू नका. गुडघे अर्धे सरळ झालेसुद्धा. ताईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती जज्जकडं बघून म्हणाली, "सुचवनाऱ्याचं सोडा, साहेब. माझं इचारा."

मी परत बसलो. मला आवाज आला बाकाचा.

वकील म्हणाला, "बरं. मारत नव्हते. उपाशी ठेवत नव्हते. दारू नाही, बाई नाही. मग एवढ्या चांगल्या माणसाला सोडलंत कशाला?"

त्यानं ते जिंकल्यासारखंच विचारलं. पण ताईनं तो प्रश्न असा घेतला, जसं कुणीतरी एकदाचं पाणी विचारलं. तिनं दोन्ही हात लाकडावर ठेवले. म्हणाली, "तेच सांगायला आलेय. पण ह्या सगळ्यांसमोर न्हाई. बाकीच्यांना बाहेर बसायला सांगता का, साहेब?"

पंकजा मॅडम उठल्या, कायद्यात तशी तरतूद आहे म्हणाल्या, एवढंच बोलून बसल्या. जज्जनी मान हलवली. तरुण आहेत, आपल्याहून फार मोठे नसतील. शिपाई लोकांना उठवायला लागला. पेंगणारे उठले, वांगीवाले उठले. लंकामावशी आईचा हात धरून निघाली आणि जाता जाता म्हणाली, "म्हंजी हितं बी शेवट बघायचा न्हाई व्हय?"

मी उठलो नाही. मला वाटलं, मी बाकीच्यांत येत नाही.

जज्जनी विचारलं, "घरचं कुणी थांबू द्यायचंय का? तो भाऊ ना तुमचा? धीर वाटत असेल तर राहू दे त्याला."

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. दाजी पक्षकार, ते थांबणार. त्यांचा वकील थांबणार. टाइप करणारा थांबणार. त्या खोलीत सगळ्यांनी ऐकलेलं चालणार होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हण. एकदा हो म्हण, ताई, मी तोंड उघडणार नाही, देवाशपथ एक शब्द बोलणार नाही. तिला ते दिसलं असणार. ती तसं सगळं ओळखते.

"भाऊ बी बाहेर, साहेब," ती म्हणाली. लहानपणी अंधारात माझ्या हातातून हात सोडवून घ्यायची ना, तेवढ्याच हळू.

राग आला का, असं तू विचारशील. आला. पण त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा मोठं होतं. मी तिच्याकडं बघत होतो आणि ती मला ओळखू येत नव्हती. माझ्याहून उंच दिसत होती. एवढ्या माणसांत, अशा जागेत, खोट्याची जबाबदारी घेऊन, वर खऱ्यासाठी जागा मोकळी करून मागणारी ही बाई आमच्या घरात भाकरी थापते, आणि मला वाटायचं तिच्या तोंडात शब्द घालावे लागतील.

इरावतीला मी अजून माफ केलेलं नाही. निकाल दाखवायला हवा होता. जानकी सुटली का, हे मला आयुष्यभर खुपत राहणार. पण खाली बसायला ती किती जोर लावत होती ते आज माझ्या गुडघ्यांना कळलं. मला हे तुझ्या मूट कोर्टच्या दिवशीच कळायला हवं होतं, तू उत्तर द्यायला तोंड उघडलं होतंस, मी बघितलं होतं.

मी दोन बाकांच्या मधून निघालो. दाजींच्या शेजारून गेलो. त्यांनी पाय आत घेतले. व्हरांड्यात आई आणि मावशी उभ्या होत्या. शिपायानं दार नुसतं लोटलं होतं, त्याला मोठी फट होती, आणि फटीतून तिचा आवाज सरळ बाहेर येत होता. स्वच्छ. ती सुरू झाली होती. "लग्नाच्या पहिल्या वर्षी साहेब, आमी जत्रेला गेलतो, तिथं एक बाई मला इचारायला लागली..."

मावशीनं कान पुढं केला. मी कडी धरली आणि दार घट्ट ओढून लावलं.